अठ्ठाविसावी कंपनी

मीनल खांबेटेने स्पेनमध्ये फुटबॉलचा क्लब विकत घेतला, ही बातमी सिंगापुरातल्या मराठी मंडळींत दिवाळीच्या फराळाला फुटली आणि भाऊबीजेपर्यंत घरोघर पोचली.

"कोण मीनल? मरीन परेडची? रिकामा डबा तीनतीनदा परत मागते ती?"

"तीच! आणि आपल्याला सांगते, एसी दिवसा लावला की अंग आंबतं म्हणून. आता कळलं ना पैसे कुठे साठवत होती ते?"

"नवऱ्याचे असतील गं. आयटीवाला आहे. शेअर्स."

"छे! प्रकाश अजून एमआरटीच्या डब्यात शर्टाला इस्त्री नसलेला दिसतो मला."

"म्हणजे माहेरचे!"

कुणी तीन मिलियन म्हणालं, कुणी तीस. एका काकांनी तर स्टेडियमला मीनलच्या सासऱ्यांचं नाव दिल्याचं इतक्या खात्रीने सांगितलं, की ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी नाशिकला फोन लावून सासऱ्यांचं अभिनंदन केलं. सासरे म्हणाले, "आभारी आहे. कशाबद्दल?"

आता खरं काय ते. मीनलमावशीने क्लब घेतला नव्हता. क्लब तिच्या गळ्यात पडला होता, आणि गळा तिने स्वतःच्या पेनाने पुढे केला होता. हे सांगायचा अधिकार अस्मादिकांना आहे, कारण अस्मादिक तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, दोन ब्लॉक सोडून राहणारी, आणि मावशीच्या रागाचा आवाज हुबेहूब काढू शकणारी या बेटावरची एकमेव व्यक्ती. तो आवाज काढणं सोपं नाही. मावशी रागावली की ओरडत नाही. ती आदराने बोलायला लागते. "अरे प्रकाश" चं "अहो प्रकाशराव" झालं की मौसाजी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतात, पाऊस पडत असला तरी.

मावशीची नोकरी तांजोंग पगारला, एका जुन्या शॉपहाऊसच्या वरच्या मजल्यावर. खाली कॉफीचं दुकान, वर कंपन्यांचे कागद सांभाळणारं ऑफिस. बाहेरच्या देशातल्या शेठजींना इथे कंपनी काढायची, तर नियम असा की निदान एक डायरेक्टर इथेच राहणारा पाहिजे. शेठजी तो कुठून आणणार? ऑफिस पुरवतं. म्हणजे मावशीला पुरवतं. कोळंबी पाठवणारी कंपनी, केसांचा कलप मागवणारी कंपनी, जहाजांचे दोर विकणारी कंपनी, अशा सत्तावीस कंपन्यांची ती कागदोपत्री डायरेक्टर. कोळंबी तिने आयुष्यात खाल्लेली नाही. कलप लावते, पण दुसऱ्या कंपनीचा.

काम एकच. कागद येतात, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावलेली असते, चिठ्ठी दिसली की मावशी सही करते. अठरा वर्षं हेच. तिचा साहेब, मिस्टर गोह, कौतुकाने म्हणायचा, "मीनल आह, यू साइन फास्टर दॅन द प्रिंटर." मावशीला त्याचा अभिमान होता. "वाचत बसले तर जेवायला कधी जाऊ?" असं ती म्हणायची, आणि ते सगळ्यांना पटायचं.

अठ्ठाविसावी कंपनी मात्र ऑफिसातून आली नाही. ती आली मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, बटाटेवड्याच्या रांगेत. सुबोध रेगे रांगेत तिच्या मागे उभे होते. सुबोध रेगे म्हणजे रॅफल्स प्लेसच्या एका गुंतवणूक फर्ममधलं बडं प्रस्थ, मंडळाचा मोठा देणगीदार, आणि वाक्याच्या सुरुवातीला 'बेसिकली' व शेवटी 'यू नो' लावल्याशिवाय ज्यांना पाणीसुद्धा मागता येत नाही असा माणूस.

"मीनल, बेसिकली एक छोटंसं काम आहे गं. एक कंपनी आहे आमची, लोकल डायरेक्टर हवाय. बाहेरचं कुणी नको. आपल्यातलं माणूस हवं, यू नो."

"काय करते कंपनी?"

"स्पोर्ट्स."

"म्हणजे बॅटबॉल विकता?"

"तसंच काहीसं. तू चटणी घे ना, माझ्यासाठी थांबू नकोस."

कोळंबीवाल्यांचे कागद निदान गोहसाहेब तरी चाळायचे. हे कागद कुणीच चाळले नाहीत. सुबोध आपल्यातला. त्याची आई आणि मावशीची आई चिंचवडला एकाच भिशीत होत्या. आपल्यातल्या माणसाने पुढे केलेला कागद वाचून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. मावशीने सही केली, आणि वर "आईंना नमस्कार सांग" असं म्हणाली.

कंपनीच्या मालकीचा होता रिबाल्टा नावाचा फुटबॉल क्लब. स्पेनमधलं लहानसं गाव, भोवती ऑलिव्हची झाडं, आणि गावाचा शंभर वर्षांचा क्लब, दुसऱ्या विभागात. दुसरा विभाग म्हणजे बावीस संघ, बेचाळीस सामने. वरचे पहिल्या विभागात जातात, तळाचे चार तिसऱ्यात कोसळतात. रिबाल्टा गेली अकरा वर्षं मधोमध होता. वरही नाही, खालीही नाही, गावाला तेवढंच पुरत होतं.

मग जुलैत एका आठवड्यात सुबोधकडून पाच पिवळ्या चिठ्ठ्या मावशीच्या ऑफिसात आल्या. पहिल्या चिठ्ठीवर गोलकीपर विकला गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर दोन फॉरवर्ड. चौथ्यावर हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट जाऊन नारिंगी आला, कारण सुबोधच्या फर्मच्या बोधचिन्हाचा रंग नारिंगी. पाचव्यावर जुना प्रशिक्षक घरी गेला. मावशीने पाचही सह्या कोळंबी आणि दोरखंडाच्या मधल्या वेळात केल्या आणि जेवायला गेली.

ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला. रिबाल्टा पहिले सहा सामने हरला. सातवा बरोबरीत सुटला, कारण समोरच्यांची पेनल्टी खांबाला लागली.

इथे कंपनीचा उतारा काही डॉलरांत कुणालाही मिळतो. रिबाल्टातल्या कुणीतरी तो मागवला. त्यात सुबोधचं नाव नव्हतं. त्याच्या फर्मच्या बड्या मालकांचं नव्हतं. एक नाव दुसऱ्याच एका देशातल्या कुण्या वकिलाचं होतं, आणि दुसरं, पत्त्यासकट: मीनल प्रकाश खांबेटे. गावाने ते नाव इंटरनेटवर शोधलं, तर मंडळाच्या अंकातला गणेशोत्सवाचा फोटो सापडला. मोदकांचं ताट हातात धरून हसणारी मावशी.

ऑक्टोबरात मावशीला एका अनोळखी पत्त्यावरून फोटो आला. स्टेडियमचा पूर्वेकडचा स्टँड, आणि त्यावर वरून खालपर्यंत सोडलेला फलक. फलकावर मावशी, मोदकांचं ताट, आणि लाल अक्षरांत तीन शब्द. त्यांचा अर्थ, मीनल, चालती हो.

प्रकाश मौसाजींनी चष्मा वर केला, खाली केला. "मोदक छान आलेत."

"हा सहा वर्षांपूर्वीचा फोटो आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तेव्हा माझं वजन अकरा किलो जास्त होतं. चार हजार माणसांत यांनी मला अकरा किलो जास्तीची लावली. आणि मी यांचं काय घोडं मारलंय?"

त्या शनिवारी तिने सामना लावला. तिथे दुपारचे दोन, इथे रात्रीचे आठ. जेवणाची ताटं तशीच राहिली. नारिंगी शर्टातली अकरा पोरं कुणीतरी बाजारात हरवल्यासारखी मैदानभर हिंडत होती, आणि बाविसाव्या मिनिटाला, पहिला गोल बसल्यावर, गाणं सुरू झालं. चार हजार गळे. "मी-नाल! वे-ते-या!" टाळ्या तीन, मग थांबा, मग पुन्हा तीन.

"तालात आहेत," मौसाजी म्हणाले.

"अहो प्रकाशराव," मावशी म्हणाली, "आपण जरा गप्प बसाल का?"

मौसाजी गॅलरीत गेले.

फलकाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचायला दोन दिवस लागले, आणि क्लबच्या मालकिणीची अफवा तिथून उठली. स्पॅनिश कुणालाच येत नव्हतं. एवढा मोठा फोटो लावलाय म्हणजे सत्कारच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

मग आलं कासिमिरोचं पत्र. कासिमिरो म्हणजे तिथल्या एका चाहतामंडळाचा अध्यक्ष, वय एकाहत्तर, जन्मभर गावची बस चालवलेला. त्याने मराठी मंडळाच्या अंकावरून बाईंची भाषा मराठी आहे हे शोधून काढलं, आणि संगणकाकडून भाषांतर करून घेऊन लिहिलं:

"आदरणीय बाई मीनल, तू एक लाज आहेस. आमचा गोलरक्षक कुठे आहे? तू त्याला खाल्लेस. मी चव्वेचाळीस वर्षे बस चालवली आणि मी कधीही एका प्रवाशाला विकले नाही. तुझा शर्ट संत्र्याचा आहे. माझे वडील हिरव्यामध्ये मेले. उबदार शुभेच्छांसह, कासिमिरो."

मावशीने ते दोनदा वाचलं. शिव्यांपेक्षा 'उबदार शुभेच्छां'नी तिचं डोकं जास्त फिरलं. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, मराठीतच, त्याने काय ते भाषांतर करून घ्यावं म्हणून:

"श्री. कासिमिरो यांस, नमस्कार लिहिण्याची इच्छा नाही. मी तुमचा गोलकीपर खाल्लेला नाही. मी शाकाहारी आहे. मी त्या कंपनीत फक्त सही करते. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. कृपया तो फोटो उतरवावा किंवा निदान अलीकडचा लावावा. कळावे, मीनल खांबेटे."

चार दिवसांनी दोन ओळी आल्या. "बाई, जो फक्त सही करतो तोच सही करतो. दुसरा कोण आहे? उबदार शुभेच्छांसह."

या दोन ओळींनी मावशी आठवडाभर धुमसली. पोळ्या लाटताना धुमसली, बसमध्ये धुमसली. कलपवाल्यांच्या कागदावर पिवळी चिठ्ठी दिसली आणि पेन हवेतच थांबलं. गोहसाहेब म्हणाला, "मीनल आह, पेन नो इंक इझ इट?"

त्यानंतर ती प्रत्येक सामना बघायला लागली. सुरुवातीला शिव्या मोजायला, मग पोरांना शिव्या द्यायला. लेफ्ट बॅक पुढे धावला की परत येत नाही, हे तिला तिसऱ्या सामन्यातच कळलं. "गेला! गेला बघा फिरायला! याच्या आईने दार उघडं टाकायला शिकवलंय याला!" खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅननी एकदा वर येऊन विचारलं, "एव्हरीथिंग ओके, आह?" मौसाजी म्हणाले, "येस येस, सेकंड डिव्हिजन."

आणि प्रत्येक सामन्यानंतर कासिमिरोचं पत्र, आणि प्रत्येक पत्राला मावशीचं उत्तर. एकदाही कुणी कुणाला बरं म्हटलं नाही. त्याने लिहिलं, "तू चोर बाई आहेस." तिने लिहिलं, "मराठीत चोरटी म्हणतात. आणि तो नवा गोलकीपर हात कशासाठी वापरतो, ते विचारून कळवा." त्याने कळवलं, "जेवण्यासाठी."

जानेवारीत एका सोमवारी मावशीने अठ्ठाविसाव्या कंपनीची फाइल कपाटातून काढली आणि जेवायला गेली नाही. चौदा कागद होते. चौदाही तिच्या सहीचे. सही सुरेख, 'मी' ला तिचा तो लांब शेपटीचा फाटा. तिने पहिल्यांदा सहीच्या वरचा मजकूर वाचला. गोलकीपर, बावीस वर्षांचा, गावातच जन्मलेला. हिरवे पट्टे. जुना प्रशिक्षक, सव्वीस वर्षांची नोकरी, नुकसानभरपाई दोन महिन्यांची. खाली मी, शेपूट, खांबेटे.

त्या संध्याकाळी ती कुणावर रागावली आहे ते घरात कुणालाच कळेना. मौसाजींनी सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, शेजाऱ्यांच्याही. ती स्वतःवर रागावली होती, आणि स्वतःला अहोजाहो करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत रॅफल्स प्लेसला सुबोधच्या इमारतीच्या लॉबीत जाऊन उभी राहिली.

"सुबोध, माझं नाव काढ त्या कंपनीतून."

"अगं, काढू की! बेसिकली दुसरं कुणी मिळालं की लगेच."

"कधी मिळणार?"

"लोक घाबरतात गं. तो फलक वगैरे बघून, यू नो."

"आणि मी नाही घाबरत?"

"तू स्ट्राँग आहेस."

"मी राजीनामा देते."

सुबोध गोड हसले. "मीनल, तूच लोकांना सांगतेस ना हे? इथला शेवटचा डायरेक्टर, दुसरा बसल्याशिवाय उठू शकत नाही. कायदा आहे."

खरंच होतं. हे वाक्य मावशीने स्वतः अठरा वर्षांत निदान शंभरदा लोकांना ऐकवलं होतं, ऑफिसची पाटी असल्यासारखं.

"आणि एवढं काय मनाला लावून घेतेस?" सुबोध लिफ्टचं बटण दाबत म्हणाले. "सेकंड डिव्हिजन आहे गं. कोण बघतं?"

"मी बघते," मावशी म्हणाली. मग पर्स सावरून, "बरं आहे, रेगेसाहेब. येते मी. आपण आपलं काम करावं."

सुबोधना तिच्या आदराचा अर्थ ठाऊक नव्हता. ते खूश होऊन वर गेले.

रिबाल्टा पडत, उठत, पुन्हा पडत मेपर्यंत आला. शेवटचा सामना उरला तेव्हा दुसऱ्या विभागात टिकायला एक बरोबरी पुरे होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य शून्य. मग लेफ्ट बॅक, तोच तो, फिरायला गेलेला, या वेळी मात्र जीव तोडून मागे धावत आला आणि चेंडू अडवायला घातलेल्या पायाने आपल्याच जाळ्यात ढकलून बसला. मावशी उभी होती. ती तशीच उभी राहिली. स्टँडमधून गाणं आलं नाही, शिवी आली नाही, काहीच आलं नाही. चार हजार माणसं गप्प.

"म्हणा ना!" मावशी पडद्याला म्हणाली. "शिव्या द्या ना मला! गप्प काय बसलात?"

रिबाल्टा एकोणिसावा. तिसऱ्या विभागात.

सोमवारी सकाळी टेबलावर छत्तीस पानांचा करार होता, शेवटच्या पानावर पिवळी चिठ्ठी. ला नोरिया विकायचं. ला नोरिया म्हणजे क्लबचं सरावाचं मैदान, गावाबाहेर, जुन्या रहाटाजवळ. ते मावशीला कासिमिरोच्या पत्रांतून पाठ होतं. तिथे गावची तीनशे मुलं शिकतात, बायकांचा संघ तिथेच खेळतो, आणि कासिमिरोची नात तिथे लेफ्ट बॅक आहे. ("परत येणारी," असं त्याने मुद्दाम लिहिलं होतं.) तिसऱ्या विभागातल्या क्लबला एवढं मैदान कशाला, असा सुबोधच्या फर्मचा हिशेब. गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीने मागणी घातली होती, आणि ती मागणी शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरच्या सहापर्यंतच उभी होती. सहानंतर ते लोक दुसऱ्या गावची जागा घेणार होते. वकिलाची सही झाली होती. नियमाप्रमाणे दोन्ही डायरेक्टरांच्या सह्या हव्यात. उरली एक.

मंगळवारी सुबोधचा फोन. बुधवारी तीन फोन. गुरुवारी गोहसाहेब टेबलापाशी येऊन उभा राहिला. सुबोधची फर्म त्याच्या ऑफिसचं मोठं गिऱ्हाईक. "मीनल आह. एटीन इयर्स नेव्हर लाइक दिस. साइन ओन्ली, वॉट. साइन ऑलरेडी, गो होम, ईट."

"आय अॅम रीडिंग," मावशी म्हणाली.

"रीडिंग फॉर वॉट?"

मावशीने शुक्रवारची रजा टाकली.

गुरुवारी रात्री जेवताना अस्मादिकांनी तिला तोंडावर सांगितलं की ती सही करणार.

"का गं?"

"मावशी, तू कन्फर्म साइन करणार, लाह. तू आयुष्यात एका कागदाला नाही म्हणाली नाहीस. सहलीचा फॉर्म म्हणून मी तुला दिलेला कागद आठवतो? तो गणितात नापास झाल्याचा होता."

मावशीचा घास हातात राहिला. "कधी?"

"दोन वर्षं झाली. सुबोधकाका उद्या घरी येणार, आईंचा नमस्कार सांगणार, तू विरघळणार. सहाच्या आत सही. पैज."

"पैज," मावशी म्हणाली. "तू हरलीस तर पुढचा आख्खा सीझन माझ्याशेजारी बसून बघायचा. तिसऱ्या विभागातला. अडतीसच्या अडतीस सामने."

"आणि तू हरलीस तर?"

"तर मला फुटबॉल बघायचं तोंडच राहणार नाही."

शुक्रवारी साडेतीनला बेल वाजली. सुबोध रेगे, बॅग, पेन, आणि काजूकतलीचा डबा.

"आईने नमस्कार सांगितलाय गं."

"या, रेगेसाहेब," मावशी म्हणाली. "बसावं. प्रकाशराव, पाणी आणता का?"

"बेसिकली एकच सही आहे. शेवटच्या पानावर. पिवळी चिठ्ठी लावलीय बघ."

"दिसली. आपण आधी वाचून घेऊ."

"वाचायला काय आहे? स्टँडर्ड आहे सगळं."

"असेल. पण माझं इंग्रजी थोडं कच्चं आहे. मी वाचते, आपण मला मराठीत समजावून सांगा. आपल्यातलेच आहात."

आणि तिने चष्मा लावून पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मोठ्याने. एकेक शब्द सुटा, पहिलीतल्या मुलाने वाचावा तसा. कलम संपलं की पान खाली, चष्मा खाली, "म्हणजे काय?"

'या करारातील शीर्षके केवळ सोयीसाठी आहेत,' म्हणजे काय? कुणाच्या सोयीसाठी? माझ्या? मग मला गैरसोय होते आहे, त्याचं काय करायचं? सुबोधनी पहिली तीन कलमं मराठीत सांगितली. चौथ्याला त्यांना घाम आला. मौसाजींनी मघाशीच एसी बंद केला होता. अंग आंबतं म्हणून.

"कलम सात. 'सदर भूखंड रिकामा आहे.' रिकामा कसा? तीनशे मुलं आहेत तिथे."

"कागदावर रिकामा आहे, मीनल."

"कागदावर मी त्या क्लबची धनीण आहे, रेगेसाहेब. कागदावर मी कोळंबी विकते. मुलं कुठे जाणार, ते कुठल्या कलमात आहे?"

"त्याचा इथे संबंध नाही, यू नो."

"आय डोन्ट नो," मावशी म्हणाली. "म्हणून तर विचारते आहे. कलम आठ."

साडेचारला सुबोधनी एक फोन घेतला, पाच वाजता दोन. पाच वाजून दहा मिनिटांनी 'बेसिकली' गळून पडलं.

"तुला कळतंय का तू काय करते आहेस? गोहला एक फोन केला तर सोमवारी तुझी नोकरी नसेल."

"करा. रेंज गॅलरीत चांगली येते. कुंड्या सांभाळा. कलम एकोणीस."

"अगं, तुझा काय संबंध त्या गावाशी? तू गेली आहेस कधी? शिव्या घालतात ते तुला! तुझा फोटो लावून!"

मावशीने पान खाली ठेवलं. आता तिच्या आवाजाला धार आली होती, आणि आदर पूर्ण चढला होता.

"घालतात ना. मला घालतात. आपल्याला कुणी ओळखतं का तिथे, रेगेसाहेब? आपण बटाटेवड्याच्या रांगेत मला पुढे केलंत आणि स्वतः माझ्यामागे उभे राहिलात. त्यांचा गोलकीपर मी विकला. शर्ट मी बदलला. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दोन महिन्यांच्या पगारावर घरी मी पाठवलं. आपल्यातला म्हणून वाचलं नाही, ही चूक माझी, आणि त्या शिव्याही माझ्याच. आपण त्यांना हात लावू नका. कलम वीस."

मौसाजींनी चहा आणून ठेवला. "सुबोध, साखर किती?"

 सुबोधनी पेनाचं टोपण काढलं, पेन तिच्यापुढे धरलं, आणि ते तसंच धरून बसले. मावशी वाचत राहिली. कलम चोवीस. कलम सव्वीस, अ, ब, क.  सहाला चार कमी असताना सुबोध म्हणाले, "मीनल, प्लीज," आणि त्यांच्या तोंडून ते एवढं लहान निघालं की मावशी पहिल्यांदाच अडखळली. तिने पेनाकडे पाहिलं. मग शेवटचं पान उलटून काढलं, चिठ्ठीकडे पाहिलं. अस्मादिकांनी मनात अडतीस सामने टळले असं धरून टाकलं.

मावशीने ती पिवळी चिठ्ठी सोलून काढली आणि आपण वाचत होतो त्या पानावर, खूण म्हणून, लावली.

"इथपर्यंत झालं," ती म्हणाली. "कलम एकतीस."

सहा वाजून तीन मिनिटांनी सुबोधचा फोन वाजला. त्यांनी तो ऐकला, कागद बॅगेत कोंबले, आणि दारात उभं राहून असं काही बोलले जे त्यांच्या आईच्या भिशीत चाललं नसतं. काजूकतलीचा डबा मात्र विसरले.

मावशीने कासिमिरोला एका ओळीत कळवलं. उत्तर तासाभरात आलं. "मैदानाबद्दल ठीक. गोलरक्षक अजूनही तूच विकलास. उबदार शुभेच्छांसह." मावशीने ते वाचलं, मान डोलावली, आणि सोमवारी गोहसाहेबाला काय सांगायचं ते ठरवायला बसली. दुसरा डायरेक्टर बसला की तिला उठवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पैज अस्मादिक हरले. तिसऱ्या विभागाचा सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो. सामने अडतीस, कॅमेरा एकच, आणि तोही अर्धा वेळ रेफरीच्या टकलावर असतो असं ऐकून आहे.